जीप आधी कुठं वळते?

(दृश्य : शहादा तालुक्यातला उसाचा फड, मागं सातपुडा)

गावात चोरी झाली. सोनं गेलं. पोलिसांची जीप आली. सांगा बरं, ही जीप आधी कुठं वळणार? खानदेशात कुणालाही विचारा, बोट गावाबाहेरच्या वस्तीकडंच जाईल. ‘माले काय माहीत, साहेब,’ हे वस्तीवरचं उत्तर ऐकून घ्यायला जीप थांबत नाही.

२०२१ साली आलेला ‘जय भीम’ घडतो तमिळनाडूत. टी. जे. ज्ञानवेल यांचा हा सिनेमा १९९३ च्या एका खऱ्या खटल्यावर बेतलेला. त्यातला राजाकन्नू इरुला जमातीचा, साप-उंदीर पकडणारा. ज्या घरात साप धरायला त्याला बोलावणं येतं, त्याच घरातले दागिने पुढं चोरीला जातात. संशय अर्थातच त्याच्यावर. मग कोठडी, मारहाण, आणि शेवटी ठाण्याचं एक वाक्य : आरोपी पळाला.

(दृश्य : तुरुंगाचं बंद दार)

पण विसरता येत नाही ते अगदी सुरुवातीचं दृश्य. तुरुंगातून सुटलेल्यांना दारातच जात विचारतात. काहींना घरची वाट मोकळी. बाकीच्यांना बाजूला उभं करून, दुसऱ्या ठाण्यांच्या न उलगडलेल्या गुन्ह्यांसाठी तिथूनच परत गाडीत कोंबतात. कोर्टातली भाषणं टाळ्या घेतात, घेऊ देत. सिनेमा सगळं बोलून जातो तो या दारातच.

कोण बाजूला उभं राहणार, हे आधीच ठरलेलं असतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो देशभर पसरला. पाळण्यातलं पोरसुद्धा गुन्हेगार जमातीचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला पारध्यांसारख्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायदा गेला, ठाण्याची सवय मात्र कुठलं कलम रद्द करणार?

कागदावर तर सगळं आहे. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं, हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. माणूसच सापडत नसेल तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस : त्याला आमच्यापुढं आणा.

आता हायकोर्ट कुठं? धुळे, नंदुरबार, जळगाव, तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडं.

(दृश्य : एसटीच्या खिडकीतून घाट)

अक्कलकुव्याहून निघालेली बाई तळोदा, धुळे, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढते. मजुरी बुडवून. या घाटाचं दुसरं नाव औट्रम घाट. हा तोच जेम्स औट्रम, ज्यानं १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, भिल्लांच्याच बंदोबस्तासाठी. दाद मागायला जायची वाटही साहेबाच्या नावाखालून जाते!

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. राजाकन्नूची बायको सेंगेणी, पोटुशी, तिला असलं शहाणपण परवडणारं नव्हतं. वकील भेटतो, मोठ्ठा वकील, नायकच तो. पण माझ्या लेखी सिनेमा तिचा.

एकदा पोलीस तिला उचलून ठाण्यात आणतात. वरून फोन खणखणतो आणि हुकूम सुटतो : हिला घरी सोडून या. ती जीपमध्ये बसत नाही. चालू लागते. बसा म्हणून विनवत जीप तिच्या मागं मागं, तिच्या चालीनं.

(दृश्य : वस्तीकडं जाणारा कच्चा रस्ता)