स्टिअरिंग जड झालं? आधी व्होल्ट मोजा

बेळगावात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, म्हटलं की फारसं समजावून सांगावं लागत नाही. उद्यमबागेतल्या, मच्छेतल्या कारखान्यांत त्यावर पोट असलेली कितीतरी माणसं आहेत, आज इथंही बसली आहेत. त्यामुळे जुन्या, तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचं दुखणं आपल्या मेकॅनिकला चटकन कळायचं. पंप घरघरायचा, पट्टा किंचाळायचा, गाडीखाली तेलाचा डाग पडायचा. 1988 साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग आलं. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत तेच असतं. तेल गेलं, पंप गेला, पट्टा गेला, आणि त्यांच्याबरोबर तो डागही गेला. आता बिघाड डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावा लागतो. आणि न मोजताच अख्खा कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा सगळा संच, बदलायला सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं. ते बिल हजारोंत जातं.

आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी सळई, असतो. तुम्ही चाक फिरवलंत की तो किंचित पिळतो. किती पिळला, ते टॉर्क सेन्सर ओळखतो. कंट्रोल युनिट, म्हणजे स्टिअरिंगचा छोटा कॉम्प्युटर, तो आकडा आणि गाडीचा वेग बघून मोटरला किती जोर लावायचा ते ठरवतं. म्हणून पार्किंगमध्ये स्टिअरिंग हलकं लागतं आणि हायवेवर घट्ट. छोट्या गाड्यांत ही मोटर बहुधा डॅशबोर्डखाली कॉलमवरच असते, मोठ्यांत खाली रॅकवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्यावर.

आता खरा मुद्दा. उभ्या गाडीची चाकं वळवताना ही मोटर छोट्या गाडीतही 30-40 अँपिअर सहज ओढते. हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब घेतो साधारण 5. समजा, अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडते त्या, जोडावर गंज चढून 0.05 ओहमचा अडथळा तयार झाला. बल्बच्या 5 अँपिअरला तिथं पाव व्होल्ट पडतो, उजेडात फरक कळतही नाही. पण मोटरच्या 40 अँपिअरला त्याच जोडावर 2 व्होल्ट पडतात. कंट्रोल युनिटला वाटतं बॅटरी बसली. ते मदत कमी करतं किंवा बंद करतं, डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा इशारा-दिवा लावतं. मालक म्हणतो, ‘लाइट तर झकास आहेत, सेल्फही मारतोय, मग बॅटरीचा काय संबंध?’ संबंध आहे तो असा.

खानापूर भागातली एक गाडी आठवते. पावसाळ्यात रोज सकाळी स्टिअरिंग जड, दुपारी ठीक. एका ठिकाणी कॉलम बदलायला सांगितला होता. आम्ही बॅटरीचा ट्रे उचलला, तर खालच्या अर्थच्या बोल्टवर हिरवट-पांढरा थर. खरवडला, वायरीच्या टोकाला नवा लग (बोल्टात बसणारी कडी) लावला, वरून ग्रीस दिलं. इशारा-दिवा विझला. तिकडच्या पावसात, लाल चिखलात हा बोल्ट पावसाळ्याआधी एकदा उघडून बघितलाच पाहिजे.

मोजायचं कसं? साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी कंट्रोल युनिटच्या अर्थवर ठेवा आणि दुसऱ्याला जागेवरच स्टिअरिंग फिरवायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष वायरीत आहे, कॉलमला हात लावू नका. पॉझिटिव्ह बाजूलाही, जाड फ्यूजसकट, हीच परीक्षा घ्या.

टिळकवाडीत, शहापुरात अशी पुष्कळ घरं आहेत जिथं मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आणि गाडी कंपाउंडात आठवडेच्या आठवडे उभी. तिची बॅटरी हळूहळू उतरते. पहिल्या दिवशी गाडी काढताना स्टिअरिंगच जड लागतं. आजोबांना वाटतं आपल्या हातात जोर राहिला नाही! अशा घरांसाठी माझी कळकळीची विनंती आहे, आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास खरोखर रस्त्यावर फिरवा. उभ्या उभ्या पाच मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरत नाही.

दिवा नाही आणि तरीही जड, तर आधी टायरची हवा बघा. मग चाकांकडचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि टायरॉड एन्ड, आणि चाकांचं अलाइनमेंट. खडखड येत असेल तर काही कॉलममध्ये मोटर आणि तिचा जोर दांड्याला देणाऱ्या वर्म गिअरच्या मध्ये एक छोटं रबरी कपलिंग असतं, ते झिजतं. तेवढंच बदलता येतं, विचारा. आणि स्टिअरिंग शेवटापर्यंत वळवून तिथं धरून ठेवू नका. मोटर तापते आणि युनिट स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करतं. थंड झालं की परत येतं, तो बिघाड नव्हे.

मघाशी एका ताईंनी विचारलं, गोव्याला जाताना चोर्ला घाटात दिवा लागला तर? ताई, स्टिअरिंगच्या दांड्याचा पुढच्या चाकांशी जोड लोखंडीच आहे, दिवा लागला म्हणून तो सुटत नाही. गाडी वळते, फक्त जोर लागतो, आणि वेग कमी असताना जास्त लागतो. दोन्ही हातांनी धरा, वेग उतरवा, सुरक्षित जागी थांबा. चालत्या गाडीत किल्ली मात्र कधीच बंद करू नका, ब्रेकची मदतही जाईल आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. थांबल्यावर बंद करून पुन्हा चालू करा. दिवा विझला तरी बेळगावात परतल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून युनिटनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या, आणि कोड पुसण्याआधी तो कागदावर उतरवून घ्यायला सांगा.