धुराडे बुजवू नका, त्याला झडप लावा

अध्यक्ष महोदय आणि वाड्यांच्या डागडुजीत रस असलेल्या मित्रहो,

थंडीत जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरात गार वारा कुठून येतो, असे विचारले की सगळे दारा-खिडक्यांकडे बोट दाखवतात. धुराड्याकडे कोणी पाहत नाही. गॅस आला, चूल विझली, तरी वरचे तोंड उघडेच राहिले आणि त्यातून वारा, धूळ, काजळीचा भुगा, साळुंक्यांच्या घरट्यांतल्या काड्या असे सगळे खाली पडत राहिले. यावर सध्या सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट कोंबून धुराडे कायमचे बुजवणे. तो उपाय घराला आणि कधीकधी जिवालाही घातक ठरतो, हे मला आज सांगायचे आहे, आणि त्याऐवजी काय करावे तेही.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात वाढलेल्यांना झाकणाचे महत्त्व सांगायला नको. छतात धूर जायला आणि उजेड यायला साणे असे. आभाळ भरून आले की घरातल्या एखाद्या पोराला वर पिटाळले जाई आणि ते साण्यावर पत्रा किंवा घमेले उपडे घालून, वर दगड ठेवून येई. या सभागृहात हे काम कोणी कोणी केले आहे, हात वर करा पाहू. बघा, पुढच्या दोन रांगा जवळजवळ पूर्ण! म्हणजे ही वाट गरजेप्रमाणे उघडायची आणि झाकायची असते, हे आपल्याला मुळात ठाऊक आहे. भिंतीतले उंच धुराडे आले, तिथवर चढणे अवघड झाले आणि झाकण्याची सवय तेवढी सुटली.

आता थोडे हवेबद्दल. पौषातल्या रात्री परभणीकडे पारा 10 अंशांच्या खाली जातो, तेव्हा घरातली उबदार, हलकी हवा धुराड्यातून वर निघून जाते आणि तेवढीच गार हवा दारांच्या फटींतून आत शिरते. धुराडे 12 फूट उंच आणि फूटभर चौरस असेल, आत-बाहेर 10 अंशांचा फरक असेल आणि आत यायला पुरेशा फटी असतील, तर 10 बाय 12 फुटांच्या खोलीत मावेल एवढी हवा साधारण आठ-दहा मिनिटांत बाहेर जाते. वैशाखात हेच चक्र उलटे फिरते. बाहेर 42 अंश असताना जाड मातीच्या भिंतींचे घर आत गार असते. ती गार, जड हवा खालून दाराबाहेर सरकते आणि तिच्या जागी धुराड्यातून तापलेली हवा खाली उतरते. चूल पेटलेली नसताना भर दुपारी स्वयंपाकघरात धुराचा वास का येतो, याचे कारण हे आहे. वावटळ उठली तर काळ्या रानाची मातीही त्याच वाटेने येते.

आमच्या भावकीतल्या एका वाड्यात जे घडले, ते मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. कंत्राटदाराने धुराडे वरून आणि खालून सिमेंटने बंद केले, गिलावा केला, रंग दिला. काम देखणे झाले. पहिल्याच पावसाळ्यात त्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग उमटले, कडांना पापुद्रे सुटले आणि बोट फिरवले की ओलसर भुगा हाताला लागू लागला. कंत्राटदार म्हणाला, वरून गळते आहे. त्याने गच्चीवर जलरोधक थर दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले, पुन्हा रंग मारला आणि डाग रंगातून जसेच्या तसे वर आले. पाणी गच्चीतून येतच नव्हते. वर्षानुवर्षांच्या धुरातले क्षार विटांत मुरलेले असतात आणि पावसाळी हवेतला दमटपणा ते शोषून घेतात. धुराड्यात वारा खेळता असेल तर तो ओलावा सुकतो, दोन्ही तोंडे बंद केली तर तिथेच कोंडतो. एवढी साधी गोष्ट त्या घरच्या वृद्ध काकूंना कोणी सांगितली नाही, याचा मला आजही राग येतो. त्याहून गंभीर म्हणजे, त्याच बंद खोलीत त्या थंडीत कोळशाची शेगडी पेटवत असत. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

युरोपातल्या थंड देशांनी हा प्रश्न आपल्याआधी हाताळला. शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी 1796 मध्ये भिंतीतल्या शेकोट्यांवर निबंध लिहिला आणि धुराड्याचा गळा, म्हणजे विस्तवाच्या लगेच वरचा भाग, सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद करावा, असे सुचवले. कारण गळा रुंद असला की धुराबरोबर खोलीतली ऊबही ओढली जाते. पुढे तिथे गळ्याला उघड-मिट करणारी लोखंडी झडप रूढ झाली. रम्फर्ड यांच्याबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ उपाय भरभर सांगतो.

आधी लांब बांबूला खराटा बांधून धुराडे वरपासून झाडून घ्या. खाली जुने धोतर किंवा पोते लावा, नाहीतर काजळी घरभर होते. घरट्यात पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत थांबा. वरच्या तोंडावर चार विटांच्या पायांवर फरशी ठेवा आणि चारही बाजूंना अर्धा इंच छिद्रांची जाळी लावा. बारीक जाळी काजळीने बुजते. बाजूंची मोकळी जागा धुराड्याच्या तोंडाहून कमी नको.

चूल किंवा पाण्याचा बंब अजून पेटत असेल, तर गळ्याशी जाड पत्र्याची बिजागरीची झडप बसवा. चूल कायमची बंद असेल, तर खालचे तोंड फळीने बंद करा, पण फळीत तळहाताएवढी जाळी ठेवा. काहीच जमले नाही, तर गोणपाटात चिंध्या भरून बोळा करा आणि दोरी बांधून गळ्यात दाबून बसवा.

झडप असो वा बोळा, तिची साखळी किंवा दोरी चुलीसमोर हाताला येईल अशी लोंबती ठेवा आणि तिला लाल फडके बांधा. सणासुदीला पाहुण्या बायका चूल पेटवतात, वाट बंद आहे हे त्यांना माहीत नसते. बाकीचे प्रश्न बाहेर चहाच्या वेळी विचारा; झडपेचा एक नमुना मी सोबत आणला आहे, तो हाताळून बघता येईल.