ताऱ्याच्या ट्रकचं दुसरं इंजिन

(दृश्य: चेन-पुलीला टांगलेलं इंजिन, खाली उघडं बोनेट)

परभणी. जिंतूर रोडवरचं गॅरेज. बोनेट उघडं आहे आणि आत पोकळी. पुढच्या जाळीवर मात्र मर्सिडीजचा तारा अजून शाबूत आहे.

1954 साली टाटांच्या टेल्को कंपनीनं मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझशी करार केला. तेव्हापासून 1969 पर्यंत टाटांचे ट्रक हा तारा लावून रस्त्यावर आले. हा त्यातलाच एक, एल 312. मालकांच्या वडिलांनी यातून सेलूच्या कापसाच्या गाठी वाहिल्या.

मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, 4.6 लिटरचं. ते ऑइल प्यायला लागलं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून, धूर यायला लागला. उस्तादांनी हेड उतरवलं. लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, झिजलेले; क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, इतक्यांदा घासून घेतलेला, की आता घासायला जागाच नाही. तेच इंजिन पुन्हा बांधता आलं असतं तर सगळ्यात चांगलं, असं मला अजूनही वाटतं. पार्ट मिळाले नाहीत.

मालकांच्या मनात नवं टर्बो इंजिन होतं. उस्ताद म्हणाले, "मालक, ताकद आणायलात, पण ब्रेक कुठून आणायलात?"

मुद्दा खरा आहे. इंजिनाचा जोर क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि क्राउनमधून (मागच्या ॲक्सलच्या गिअरमधून) चाकापर्यंत पोचतो. इथं हे सगळं शंभरेक हॉर्सपॉवरच्या हिशोबानं घडलेलं. मांजरसुंब्याचा घाट टर्बो चढवील. उतरताना भिस्त त्याच जुन्या ड्रम ब्रेकवर.

मग टाटाचं 697 इंजिन ठरलं. नावातच माप आहे: 6 सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. बेंझच्या ज्या ओएम 352 इंजिनावरून ते आलं, ते या ट्रकच्या मूळ इंजिनाच्याच घराण्यातलं.

(दृश्य: फूटपट्टी, खडूच्या खुणा)

घराणं एक असलं तरी उस्ताद प्रत्येक माप घेतात. संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, पुढच्या ॲक्सलला लागतो का? पंखा आणि रेडिएटरमध्ये किती जागा उरते? सगळ्यात जास्त वेळ जातो फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधारांवर. इंजिन किंचित जरी तिरकं बसलं, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये सरळ फिरत नाही. बेअरिंग आवाज करतं आणि काही महिन्यांत जातं. तीनदा इंजिन खाली सोडलं, तीनदा वर घेतलं. पत्र्याची एक पातळ चकती घातल्यावर चौथ्यांदा ते बसलं.

आरटीओची परवानगी आधीच काढलेली. नव्या इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतली. आरसी बुकावर आता हाच नंबर चढणार.

(दृश्य: पहाट, केबिन)

जुन्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटायचं. थंडीत तो कप्पा हीटर प्लगनं तापवावा लागे. 697 मध्ये डिझेल थेट सिलिंडरात उडतं.

मालकांचा हात सवयीनं हीटरच्या बटणाकडे गेला.

"त्याची वायर काढली, मालक. सेल्फ मारा."

त्यांनी सेल्फ मारला.