एक जुलैचं गणित: उन्हाळ्यातल्या हॉकीवर वाद कसा घालावा

मंडळी, टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत मे महिना उलटला की आइस हॉकीची चर्चा थांबत नाही, उलट वाढते. कोण जाणार, कोण येणार, अमुक खेळाडू किती मागतोय, तमुक ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) कधी होणार. टोरोंटोच्या मेपल लीफ्सनी 1967 नंतर स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या लीगचा विजेतेपदाचा चषक, जिंकलेला नाही, त्यामुळे या चर्चेत जीव ओतला जातो आणि तो ओतायलाच हवा. पण यातले बरेच वाद खेळाडूच्या नावापासून सुरू होऊन नावापाशीच संपतात. माझं म्हणणं असं की वादाची सुरुवात कराराच्या कागदापासून करावी. कागद नीट वाचला तर निम्म्या अफवा जागीच गळून पडतात, आणि उरलेल्या अर्ध्यांवर भांडायला खरी मजा येते.

सगळ्याच्या मुळाशी आहे सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा. 2004-05 चा अख्खा हंगाम लॉकआउटमध्ये (मालकांच्या टाळेबंदीत) वाया गेला आणि त्यातून ही कॅप आली. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाख आहे. पुढच्या दोन हंगामांचे आकडेही सोबतच जाहीर झाले: 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख आणि 2027-28 साठी 11 कोटी 35 लाख. हे सगळे अमेरिकन डॉलर. कॅनडातल्या संघांची तिकिटं कॅनडियन डॉलरमध्ये विकली जातात, पगार मात्र अमेरिकन डॉलरमध्येच जातात.

कॅपमध्ये मोजली जाते ती कराराची वार्षिक सरासरी. 8 वर्षांचा 9 कोटी 60 लाखांचा करार असेल, तर एखाद्या वर्षी हातात पडणारी रक्कम कमी-जास्त असली तरी कॅपवरचा भार दरवर्षी 1 कोटी 20 लाखच. यालाच कॅप हिट म्हणतात. हा आकडा नुसता बघून महाग की स्वस्त ते ठरत नाही, कॅपच्या किती टक्के ते बघावं लागतं.

मिच मार्नरचंच घ्या. सप्टेंबर 2019 मध्ये त्याने टोरोंटोशी करार केला तो वर्षाला 1 कोटी 9 लाख 3 हजारांचा. तेव्हा कॅप होती 8 कोटी 15 लाख, म्हणजे त्याचा वाटा 13.4 टक्के. हिशोब असा होता की कॅप दरवर्षी चढेल आणि वाटा आपोआप उतरेल. मग कोविड आला, स्टेडियमं रिकामी पडली आणि कॅप सलग तीन हंगाम 8 कोटी 15 लाखांवरच अडकली. त्यापुढच्या दोन वर्षांत ती दर वर्षी जेमतेम 10 लाखांनी हलली. 2024-25 मध्ये टोरोंटोच्या मॅथ्यूज, नायलँडर, टव्हारेस आणि मार्नर या चौघांचा मिळून कॅप हिट साधारण 4 कोटी 66 लाख होता आणि कॅप 8 कोटी 80 लाख. चार जणांकडे 53 टक्के, उरलेल्या 47 टक्क्यांत बाकीची अख्खी टीम. तिसऱ्या-चौथ्या फळीत दरवर्षी कमीत कमी पगाराचे नवे चेहरे का दिसायचे, त्याचं उत्तर इथं आहे.

2025 मध्ये मार्नर टोरोंटो सोडून व्हेगसला गेला. आता व्हेगसने त्याला वर्षाला दिलेले 1 कोटी 20 लाख बघा. 9 कोटी 55 लाखांच्या कॅपमध्ये ते 12.6 टक्के होतात. पुढच्या वर्षी 11.5, त्यापुढे 10.6. आकडा मोठा झाला आणि वाटा 2019 पेक्षा लहान झाला. त्यामुळे "आपण देत होतो त्याहून जास्त दिले" हे वाक्य डॉलरमध्ये खरं आहे, कॅपमध्ये खोटं.

या व्यवहारावर सर्वात जास्त भांडणं झाली ती टोरोंटोला मिळालेल्या मोबदल्यावरून. 2024-25 मध्ये 102 गुण केलेला विंगर (कडेचा आक्रमक) मार्नर गेला आणि आला निकोलस रॉय, 30 लाखांच्या कॅप हिटचा सेंटर (मधला आक्रमक). ऐकायला फारच वाईट वाटतं. पण तारीख बघा: व्यवहार झाला 30 जून 2025 ला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मार्नर करारमुक्त होणार होता आणि टोरोंटोच्या हाती काहीच राहणार नव्हतं. मग व्हेगसने रॉय दिलाच कशाला? आठव्या वर्षासाठी. त्या वेळच्या नियमाप्रमाणे खेळाडूला आठ वर्षांचा करार फक्त त्याचा सध्याचा संघ देऊ शकत होता, बाहेरच्या संघाला सातच वर्षांची मुभा होती. म्हणून टोरोंटोने आधी करार केला आणि मग ट्रेड. रॉय ही त्या एका जादा वर्षाची किंमत आहे. मार्नरची खरी किंमत वसूल करायची वेळ त्याच्या दोन वर्षं आधीच निघून गेली होती.

ती वेळही कागदावरून नेमकी सांगता येते. मार्नरच्या करारातला नो-मूव्हमेंट क्लॉज 1 जुलै 2023 पासून लागू झाला. त्या तारखेपासून त्याच्या लेखी संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नव्हतं. मे 2023 मध्ये टोरोंटोचे जीएम (जनरल मॅनेजर, संघबांधणी करणारे प्रमुख) काइल डुबस गेले, महिनाअखेरीस ब्रॅड ट्रेलिव्हिंग आले, आणि त्यांच्या हातात राहिला एकच महिना. मार्च 2025 मध्ये कॅरोलायनाच्या मिको रँटानेनच्या बदल्यात जाण्याबद्दल मार्नरला विचारणा झाल्याच्या बातम्या आल्या. तो गेला नाही, रँटानेन डॅलसला गेला. मार्नरने आपला करारातला हक्क वापरला, त्याबद्दल त्याला दूषणं देण्यात काही अर्थ नाही. वाद घालायचाच असेल तर जून 2023 वर घाला.

हा क्लॉज कधी मिळतो, तेही माहीत असू द्या. खेळाडू बिनशर्त मुक्त होण्याच्या पात्रतेला पोचतो, म्हणजे 27 वर्षांचा होतो किंवा सात हंगाम पूर्ण करतो, त्यापुढच्या वर्षांतच असं संरक्षण लागू होऊ शकतं. कोवळ्या वयातल्या लांब करारात सुरुवातीची वर्षं म्हणूनच उघडी असतात. संरक्षणाचेही प्रकार आहेत. नो-मूव्हमेंटमध्ये ट्रेडही नाही आणि खालच्या लीगमध्ये पाठवणंही नाही. नो-ट्रेडमध्ये फक्त ट्रेडला मनाई. तिसऱ्या प्रकारात खेळाडू संघांची यादी देतो. यादीत "इथं जाणार नाही" असे दहा संघ असतील तर बाकीचे एकवीस खुले राहतात, आणि "इथंच जाईन" असे दहा असतील तर बाजार तेवढाच. दोन्हींना बातमीत "दहा संघांची यादी" एवढंच म्हटलं जातं, आणि त्या एका शब्दसमूहावर पूर्ण उलटसुलट निष्कर्ष निघतात.

आता बायआउट, म्हणजे पैसे देऊन करार मुदतीआधी मोडणं. "याला बायआउट करून टाका" ही मागणी दर उन्हाळ्यात ऐकू येते. खेळाडू 26 किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम द्यायची, तीही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागून. उदाहरण मांडू. कॅप हिट 60 लाख, दोन वर्षं बाकी, दरवर्षीचा पगारही 60 लाख. उरले 1 कोटी 20 लाख, त्याचे दोन तृतीयांश 80 लाख, चार वर्षांत वर्षाला 20 लाख. पहिली दोन वर्षं कॅपमधून 40-40 लाख मोकळे होतात आणि पुढची दोन वर्षं 20-20 लाखांचं ओझं राहतं. जमण्यासारखा सौदा.

पण त्याच 60 लाखांत 50 लाख साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची ठरलेली रक्कम) आणि 10 लाखच पगार असेल तर? बोनस बायआउटमध्ये येत नाही, तो पूर्ण द्यावाच लागतो. दोन तृतीयांश निघतात ते फक्त 20 लाखांचे, म्हणजे साधारण 13 लाख 33 हजार, वर्षाला 3 लाख 33 हजार. पहिल्या दोन वर्षांत कॅप हिट उरतो 53 लाख 33 हजार. वाचले वर्षाला जेमतेम पावणेसात लाख, एवढ्यात किमान पगाराचा एक खेळाडूसुद्धा बसत नाही. मोठ्या खेळाडूंचे एजंट बोनससाठी का अडून बसतात ते यावरून कळेल. त्यामुळे बायआउटची मागणी करण्याआधी पगार आणि बोनस यांची वर्षवार फोड बघा. कॅपफ्रेंडली ही साइट 2024 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनी विकत घेतली आणि लोकांसाठी बंद झाली, पण पकपीडियावर ही फोड मिळते.

बायआउटचं ओझं किती जड होऊ शकतं ते मिनेसोटाने दाखवलं. 2012 च्या जुलैमध्ये त्यांनी झॅक पारिसे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी 13 वर्षांचे, 9 कोटी 80 लाखांचे करार दिले. 2021 मध्ये दोघांनाही बायआउट केलं, आणि 2023-24 व 2024-25 या दोन्ही हंगामांत सुमारे 1 कोटी 47 लाखांची कॅप अशा दोघांवर गेली जे त्यांच्याकडून खेळतही नव्हते. ते ओझं उतरल्यावर, सप्टेंबर 2025 मध्ये, त्याच संघाने किरील काप्रिझोव्हला वर्षाला 1 कोटी 70 लाखांचा आठ वर्षांचा करार दिला.

बोनसचा आणखी एक परिणाम तारखांवर दिसतो. तो बहुधा 1 जुलैला चुकता होतो. तो एकदा दिला गेला की वरच्या उदाहरणातला खेळाडू नव्या संघाला त्या वर्षी 10 लाख रोख देऊन मिळतो, कॅपमध्ये मात्र 60 लाखच मोजले जातात. कॅपमध्ये जागा असलेल्या आणि रोकड जपणाऱ्या संघाला हे सोयीचं. म्हणून काही ट्रेडची चर्चा जूनमध्ये तापते आणि प्रत्यक्ष व्यवहार बोनस पोचल्यावर होतो.

पगार राखून ठेवण्याची सोयही आहे. देणारा संघ कॅप हिटचा जास्तीत जास्त निम्मा भार स्वतःकडे ठेवू शकतो, आणि एका वेळी असे तीनच करार. 80 लाखांचा खेळाडू 40 लाखांत जातो. मध्ये तिसरा संघ घेऊन त्याने पुन्हा निम्मा भार उचलला तर शेवटच्या संघाला तो 20 लाखांत पडायचा. 2025-26 पासून अशा दुसऱ्या राखणीआधी हंगामातले 75 दिवस जावे लागतात, त्यामुळे एकाच दुपारी तीन संघांची साखळी जोडणं संपलं. राखलेला भार करार संपेपर्यंत राहतो, हे मात्र बरेच जण विसरतात. एका हंगामासाठी तो कोणीही घेईल. पाच वर्षं बाकी असतील तर क्वचितच कोणी घेईल.

ऑफर शीटबद्दल थोडक्यात. करार संपलेल्या पण मूळ संघाचा हक्क शिल्लक असलेल्या, म्हणजे सशर्त मुक्त, तरुण खेळाडूला दुसरा संघ करार देऊ करतो, मूळ संघाला सात दिवसांत तो जुळवायचा किंवा ठरलेले ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) घेऊन सोडायचं. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला वर्षाला 45 लाख 80 हजार 917 डॉलर देऊ केले. हा विचित्र आकडा मुद्दाम होता: त्या वर्षी दुसऱ्या फेरीच्या एका पिकवर भागणारी ती नेमकी कमाल रक्कम होती, एक डॉलर वाढला असता तर पहिल्या फेरीचं पिक गेलं असतं. डिलन होलोवेचं तसंच, तिसऱ्या फेरीच्या पिकच्या काठावर. शिवाय मोबदल्यात स्वतःचंच पिक द्यावं लागतं, दुसऱ्याकडून मिळवलेलं चालत नाही. म्हणून सेंट लुईसने आपलं दुसऱ्या फेरीचं पिक पिट्सबर्गकडून आधी परत मिळवलं. एडमंटन कॅपला टेकलेला होता, दोघेही गेले. एखादा संघ अचानक स्वतःचंच जुनं पिक परत घेऊ लागला तर सावध व्हा. अशा बातमीत अफवांपेक्षा जास्त माहिती असते.

अफवा ऐकताना बातमीदाराची क्रियापदं नीट ऐका. "विचारणा केली" म्हणजे फोन झाला, आणि जीएम रोज असे फोन करतात. "चर्चा चालू आहे" यात एजंटला भाव वाढवायचा असू शकतो, विशेषतः जूनच्या शेवटी. "ट्रेड कॉल बाकी आहे" असं आलं तर व्यवहार ठरलेला आहे, फक्त दोन्ही संघांनी लीगच्या कार्यालयाकडे तो नोंदवायचा राहिलाय. मग बघा ही बातमी कोणाच्या सोयीची आहे. आणि उन्हाळ्यात कॅप 10 टक्क्यांनी ओलांडायला परवानगी असते, 2025 मध्ये साधारण 10 कोटी 50 लाखांपर्यंत. जुलैत "हा संघ कॅपच्या वर गेला, आता ट्रेड करणारच" हे घाईचं असतं, त्यांना हंगाम सुरू होईपर्यंत वेळ आहे.

नव्या खेळाडूचं मोल ठरवताना मागच्या वर्षीच्या गोलांवर एकदम विसंबू नका. 200 शॉटवर 10 टक्क्यांनी 20 गोल होतात, 17 टक्क्यांनी 34. शॉट तेवढेच असतील आणि टक्केवारी एकाच वर्षी उडी मारून गेली असेल, तर पुढच्या वर्षी ती बहुतेक खाली येते, करार मात्र 34 गोलांच्या भावाचा असतो. बर्फावर दोन्ही संघांचे समसमान खेळाडू असताना किती मिनिटं मिळाली आणि पॉवर प्लेवर (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना) किती, ते वेगळं काढा. दुसऱ्या संघात पॉवर प्लेची जागा आधीच भरलेली असेल तर निम्मे गुण तिथंच राहतात. वयाचंही तसंच. 1 जुलैचा बाजार 27 च्या पुढच्यांचा आहे आणि बहुतेक फॉरवर्डचे सर्वाधिक गुणांचे हंगाम त्याच्या आगेमागेच होऊन जातात. मॅथ्यू नाइजला सहा वर्षं 77 लाख 50 हजार देताना टोरोंटोने 8.1 टक्के चढत्या वयावर लावले. मिसिसागात जन्मलेला टव्हारेस पस्तिशीला टेकलेला, म्हणून तोच चार वर्षांसाठी 43 लाख 80 हजारांत थांबला, आधीच्या 1 कोटी 10 लाखांवरून. ही दोन्ही कामं मला चांगली वाटतात.

पुढचा मोठा वाद ऑस्टन मॅथ्यूजचा असेल. त्याचा 1 कोटी 32 लाख 50 हजारांचा करार 2027-28 ला संपतो. 2024-25 मध्ये तो कॅपच्या 15 टक्के होता, शेवटच्या वर्षी 11.7 टक्के राहील. तेव्हा तो तिशीचा असेल. लीग आणि खेळाडू संघटनेतल्या नव्या कामगार कराराप्रमाणे सप्टेंबर 2026 पासून स्वतःच्या संघाला सात आणि बाहेरच्याला सहाच वर्षं देता येतील. 11 कोटी 35 लाखांच्या कॅपमध्ये 15 टक्के म्हणजे 1 कोटी 70 लाख, आणि काप्रिझोव्हच्या करारामुळे त्या आकड्याला आता आधारही आहे. तिशीतल्या सेंटरला सात वर्षं तेवढं द्यायचं का, हे 1 जुलै 2028 च्या आत ठरवावं लागेल.