एका जागेची दोन तिकिटे

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी नोकराचा पगार कसा वाढतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. वेतन आयोग बसतो, महागाई भत्त्याचे टक्के जाहीर होतात आणि थकबाकीचे हिशेब दिवाळीपर्यंत पुरतात. मी आज बोलणार आहे ते न्यायाधीशांच्या पगाराविषयी. ज्याच्यापुढे सरकारच अनेकदा पक्षकार म्हणून उभे राहते, त्याचा पगार त्याच सरकारने कसा ठरवायचा?

सरकारला पगारात मनाप्रमाणे कपात करता येऊ नये, म्हणून घटनाकारांनी हे आकडे थेट घटनेतच लिहून टाकले, जणू कुलूपच लावले. दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे १९५० साली सरन्यायाधीशांना दरमहा ५,००० रुपये, सर्वोच्च न्यायालयाच्या इतर न्यायाधीशांना ४,००० आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ३,५०० रुपये ठरले. मात्र ज्या कुलपाने कपात अडवली त्यानेच वाढही अडवली आणि हे आकडे तब्बल ३६ वर्षे जागचे हलले नाहीत. १९८६ साली चोपन्नाव्या घटनादुरुस्तीने ते अनुक्रमे १०,०००, ९,००० आणि ८,००० झाले, आणि पुढची वाढ संसदेने साध्या कायद्याने करावी असे ठरले. २०१८ च्या कायद्यानुसार आज ते २,८०,०००, २,५०,००० आणि २,२५,००० आहेत. पगार संसद ठरवते खरी, पण तो भारित खर्च असतो. म्हणजे त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. पुन्हा सांगतो, चर्चा होते, मतदान होत नाही.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. खासदारांचा पगार २०१८ पासून महागाईच्या निर्देशांकाला जोडला गेला आणि दर पाच वर्षांनी तो आपोआप सुधारतो. आमदारांचा पगार मात्र विधिमंडळ स्वतःच कायदा करून ठरवते. स्वतःच्या पगारासाठी स्वतःच हात वर करण्याची ही रीत मला कधीच पटलेली नाही.

पण हे सगळे झाले वरच्या न्यायालयांचे. आपल्यापैकी बहुतेकांना उभ्या आयुष्यात एखादा न्यायाधीश जवळून दिसलाच, तर तो तालुक्याच्या कोर्टातला असतो, आणि त्याच्या पगाराची हकिगत अगदी निराळी आहे.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात नाझर, म्हणजे कोर्टाचे कारकुनी काम पाहणारे कर्मचारी होते. १९८४ च्या सुमारास तिथे एक तरुण न्यायाधीश बदलून आले. सरकारी निवासस्थान नव्हते, म्हणून त्यांनी बाजारपेठेच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गावात प्रत्येकाची किराण्याची वही असे, साहेबांची नव्हती. आज ज्याच्याकडे उधारी, तो उद्या समोर दाव्यात उभा राहिला तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते माझ्या वडिलांकडून पन्नास रुपये उसने नेत आणि एक तारखेला आठवणीने परत करीत. वडिलांच्या डायरीत ती देवघेव ओळीने लिहिलेली आहे.

एका शनिवारी साहेब एसटीने जिल्ह्याच्या गावी निघाले. गाडीत गर्दी होती, त्यांना मागच्या बाकावर जागा मिळाली. कंडक्टर जवळ आला तेव्हा त्यांनी पैसे पुढे केले, तर तो म्हणाला, “साहेब, तुमचं तिकीट झालंय.” पुढच्या बाकावरून एका गृहस्थाने मागे वळून नमस्कार केला. बांधाच्या एका दाव्यातल्या प्रतिवादीचा तो चुलता होता. साहेबांनी कंडक्टरला दुसरे तिकीट फाडायला सांगितले. कंडक्टर म्हणाला, “एका माणसाला दोन तिकिटं कशी देऊ?” साहेब म्हणाले, “तुम्ही द्या, मी घेतो.” कंडक्टरने पेटीतून आणखी एक तिकीट काढले, चिमट्याने टोचले आणि त्यांच्या हातावर ठेवले. पहिले तिकीटही त्यांनी मागून घेतले.

सोमवारी तो दावा पुकारला गेला तेव्हा साहेबांनी भर कोर्टात सगळा प्रकार रोजनाम्यात लिहवून घेतला, दोन्ही तिकिटे टाचणीने कागदाला जोडली, पहिल्या तिकिटाचे पैसे वादीच्या वकिलांदेखत त्या चुलत्याला परत केले आणि दावा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करावा, असे जिल्हा न्यायाधीशांना कळवले. त्या तिकिटाची किंमत पाच रुपयांच्या आतच होती. वडील घरी येऊन एवढेच म्हणाले, “यांना गाडी असती तर वादीला दुसऱ्या तालुक्याला हेलपाटे पडले नसते.”

श्रोतेहो, नेमक्या याच गोष्टी पुढे सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेने १९८९ साली याचिका केली, म्हणजे न्यायाधीशांनाच न्याय मागायला कोर्टाची पायरी चढावी लागली. नोव्हेंबर १९९१ च्या निकालात राहायला घर, वाहनाची सोय आणि घरी छोटे ग्रंथालय देण्याचे आदेश निघाले. १९९३ साली न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले की न्यायाधीश हे सचिवालयातल्या नोकरांसारखे नोकर नव्हेत. तुलना करायचीच तर ती मंत्री आणि आमदार-खासदारांशी करावी. त्यातून १९९६ साली न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांचा स्वतंत्र वेतन आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशी २००२ मध्ये मान्य झाल्या.

दुसरा आयोग न्यायमूर्ती पी. व्यंकटराम रेड्डी यांचा. त्याचे गणित पाटीवर मांडण्याइतके सोपे आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा पगार ८०,००० वरून २,२५,००० झाला, म्हणजे सुमारे २.८१ पट. तोच गुणक खालच्या न्यायाधीशांना लावला आणि कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचा सुरुवातीचा पगार २७,७०० वरून ७७,८४० झाला. वरचा पगार संसद ठरवते, खालचा त्याच्याशी गुणकाने बांधला जातो. ही वाढ १ जानेवारी २०१६ पासून लागू धरली गेली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली जुलै २०२२ मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांनी.

वरच्या न्यायालयांची वाढ १९९६, २००६ आणि २०१६ या तिन्ही वेळी केंद्रीय वेतन आयोगाच्याच तारखेपासून लागू झाली आहे. आता आठवा केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला आहे आणि त्याच्या अध्यक्ष आहेत मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई.

नमस्कार.