डाग दिसला, म्हणजे तेल्या आला का?

(सांगोल्यातल्या एका व्याख्यानमालेत वनस्पती रोगशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘पिकांचे जिवाणूजन्य रोग आणि संशोधन’. डाळिंबाच्या बागांच्या सांगोल्यात येऊन या मथळ्याखाली डाळिंबावरच्या तेल्या रोगावर बोलायचं नाही, तर दुसरं कशावर बोलायचं? तेव्हा पत्रिका बाजूला ठेवू.

येताना वाटेत एका बागेत थांबले आणि हे पान आणलं. पुढच्या रांगेतले दोघे जरा मागे सरकले, ते बरोबरच केलं. पण पिशवी बंद आहे, मी ती इथे उघडणार नाही आणि जाताना जाळणार आहे. आता हे पान मी दिव्यासमोर धरते. हिरव्या पानावर एक लहान ठिपका दिसतो, त्याच्याभोवती पिवळसर कडं आहे आणि ठिपक्यातून उजेड आरपार येतोय. वर्तमानपत्राच्या कागदावर भजी ठेवली की तेल लागलं तिथे कागद कसा पारदर्शक होतो, तसं. म्हणून तुमच्याच आज्या-आजोबांच्या पिढीतल्या कोणीतरी याला तेल्या म्हटलं. प्रयोगशाळेत बसून ठेवलेल्या नावापेक्षा हे नाव जास्त नेमकं आहे.

नेमकं का, तर निरोगी पानाच्या आत पेशींच्या मधे हवेच्या फटी असतात. हवेमुळे उजेड विखुरतो आणि पान अपारदर्शक दिसतं. जिवाणू त्या फटींत शिरला की तिथे पाणी आणि त्याचा स्वतःचा चिकट लगदा भरतो. हवा गेली, पाणी आलं, उजेड सरळ पार व्हायला लागला. पानावर तेल नाही, पाणीच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आज मी जे काही सांगणार आहे ते पाण्याभोवतीच फिरणार आहे.

पण प्रत्येक डाग तेल्याचा नसतो. बुरशीचेही डाग पडतात, आणि फळावर ते लांबून जवळजवळ सारखेच दिसतात. तेल्यात फळाच्या सालीला पुढे इंग्रजी ‘वाय’ किंवा ‘एल’ अक्षरासारखी चीर जाते, ही खूण तुम्ही सगळे ओळखता. पण चीर पडेपर्यंत थांबलात तर व्यापाऱ्याने तुमच्या आधी ओळखलेलं असतं.

म्हणून आम्ही काय करतो? डागाच्या कडेचा, म्हणजे मेलेला भाग आणि हिरवा भाग यांच्या सीमेवरचा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा नवीन ब्लेडने कापतो. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात तो तुकडा, वर पातळ काच, आणि सूक्ष्मदर्शकाखाली. बुरशी असेल तर तंतू दिसतात. जिवाणू असेल तर कापलेल्या कडेतून ढग बाहेर पडायला लागतो. ओल्या लाकडाच्या चुलीतून धूर यावा तसा, लोटच्या लोट. तो ढग म्हणजे लाखो जिवाणू. चाळीस वर्षं बघतेय, पण अजूनही तो निघताना पाहिला की पोटात गोळा येतो.

याचाच घरगुती भाऊ सांगते. टोमॅटो किंवा वांग्याचं हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत माना टाकतं, पानं पिवळी न पडता. जमिनीजवळचं खोड कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि खोडाचं कापलेलं टोक पाण्याला जेमतेम लागेल असं धरा. हलवू नका. पाच-दहा मिनिटांत दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर ती जिवाणूची मर. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, फक्त धीर लागतो.

आता तुम्ही म्हणाल, ढग दिसला, जिवाणू सापडला, संपलं. तसं नसतं, आणि याच मुद्द्यावर एकेकाळी मोठं भांडण झालंय. अमेरिकेत इलिनॉय राज्यात थॉमस बरिल नावाचे प्राध्यापक होते. १८७८ च्या सुमारास त्यांनी सांगितलं की पेअरच्या फांद्या होरपळल्यासारख्या काळ्या पडतात त्यामागे जिवाणू आहे. पुढे त्यांनी रोगट झाडाचा रस निरोगी झाडात टोचून रोग आणूनही दाखवला. तरी युरोपातल्या थोरामोठ्यांना पटलं नाही. जर्मनीतल्या आल्फ्रेड फिशर यांनी १८९७ साली लिहिलं की जिवाणू वनस्पतींना रोगी करूच शकत नाहीत, झाड आधी दुसऱ्याच कारणाने मरतं आणि मग हे मढ्यावर बसतात. त्यांना उत्तर दिलं अमेरिकेच्या अर्विन स्मिथ यांनी, चार वर्षं, एकेका रोगाचे पुरावे मांडत. फिशर चुकले, पण त्यांची शंका मूर्खपणाची नव्हती. सडक्या वस्तूवर जिवाणू सापडणारच, पण म्हणून त्यांनीच ती सडवली असं ठरत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण शिकले ती स्वतःच्या चुकीतून. विद्यार्थी असताना याच भागातून डाळिंबाची रोगट पानं गोळा केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधली आणि एसटीने नेली. मे महिना होता. पोचेपर्यंत आत घाम सुटलेला. पानं धुतली, वाटून पोषक माध्यमाच्या बशीत पसरवली. आता तेल्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला. ‘झँथो’ म्हणजे पिवळा, कारण बशीत त्याच्या वसाहती पिवळ्या, चकचकीत, मधाच्या थेंबासारख्या येतात. तिसऱ्या दिवशी माझी बशी पिवळ्या ठिपक्यांनी भरलेली! मी अख्ख्या वसतिगृहाला चहा पाजला. मग तोच जिवाणू निरोगी रोपांवर फवारला आणि वाट पाहिली. आठ दिवस, पंधरा दिवस. एक डाग नाही. मार्गदर्शक म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं. चार महिने गेले. शेवटी कळलं की मी वाढवलेला पिवळा जिवाणू पानांवर असाच निरुपद्रवी राहणारा कोणी होता. पिशवीतल्या उबेत तो माजला आणि खरा गुन्हेगार त्याच्या गर्दीत हरवला.

म्हणून चार पायऱ्या सोडता येत नाहीत. रोगी झाडात तो जिवाणू दर वेळी सापडला पाहिजे. तो एकटा, शुद्ध, वाढवता आला पाहिजे. निरोगी झाडात सोडल्यावर तोच रोग आला पाहिजे. आणि त्या नव्या रोगी झाडातून तोच जिवाणू परत निघाला पाहिजे. रॉबर्ट कॉख यांच्या नावाने या पायऱ्या ओळखल्या जातात. क्षयाच्या जंतूचं नाव ऐकलं असेल ना, तेच कॉख. आणि नमुने कागदात गुंडाळून आणायचे, प्लॅस्टिकमध्ये नाही. ही पाचवी पायरी माझी.

डाळिंबावरच्या या रोगाची आपल्या देशातली पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. बरीच वर्षं तो किरकोळ गणला गेला. त्या काळात आपल्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी जिवाणूंवर जे काम करत होते त्याला देशात तोड नव्हती. आंब्यावरच्या काळ्या डागांचा जिवाणू त्यांनी १९४८ मध्ये वर्णन केला. आजही झँथोमोनासच्या याद्या चाळल्या की नावांपुढे पटेल, कुलकर्णी, भिडे अशी आडनावं येतात. तरी आपल्या बागा झोपल्या त्या खूप नंतर, २००२-०३ पासून पुढे. डाळिंबाचा एकच वाण, भगवा, सगळीकडे, बागेला बाग लागून, पावसाळ्यात फळ धरायचं आणि कलमं एकमेकांकडून आणायची. जिवाणूला याहून चांगलं पंगतीचं पान कोणी वाढलं नसतं. २००५ मध्ये सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं.

तेल्याचं शास्त्रीय नाव बदलत गेलंय, आणि आता तो लिंबाच्या खैऱ्याचा सख्खा चुलतभाऊ मानला जातो. कागदी लिंबाच्या पानांवर खरबरीत खपल्या येतात, तो खैऱ्या. लंडनजवळ क्यू इथे वाळवलेल्या वनस्पतींचा जुना संग्रह आहे. १९३३ मध्ये दोन संशोधकांनी जुने नमुने तपासताना त्यात खैऱ्या असलेली लिंबू जातीची पानं शोधून काढली, आणि ती १८२७ ते १८३१ च्या दरम्यान भारतातून गोळा केलेली होती. म्हणजे फिशर यांनी ‘असं होऊच शकत नाही’ लिहिलं तेव्हा पुरावा सत्तर वर्षं कपाटात पडून होता. कोणी उघडून बघितलं नव्हतं इतकंच.

हाच खैऱ्या १९९५ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात पुन्हा सापडला. हा जिवाणू उडत नाही, त्याला पसरायला किड्याची गरज लागत नाही. पावसाचा थेंब ओल्या डागावर आपटतो, जिवाणूसकट त्याचे तुषार उडतात आणि वारा ते पुढे नेतो. किती पुढे? संशोधकांनी झाड न् झाड नकाशावर मांडून मोजलं, आणि त्यातून नियम निघाला: रोगट झाडापासून १९०० फुटांच्या आतली लिंबू-संत्र्याची सगळी झाडं तोडायची. दिसायला निरोगी असली तरी, घराच्या परसात असली तरी. लोक कोर्टात गेले. कोर्टाच्या आदेशांनी तोड मधेमधे थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग २००४ आणि २००५ मध्ये एकामागून एक चक्रीवादळं आली आणि जिवाणू इतका पसरला की २००६ मध्ये सरकारने ती मोहीमच सोडून दिली. मला त्या मोजणीचं कौतुक आहे. पण १९०० फुटांचा आकडा साध्या पावसाचा होता, वादळाचा नव्हता.

आता औषधाकडे येते, कारण मागे कुजबुज सुरू झालीय. इतकी वर्षं तुम्ही ती छोटी पुडी मारत होता, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची. ही माणसांची प्रतिजैविकं. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाचे रोगी बरे केलेत. बागेत ती वारंवार मारली की त्यांना दाद न देणारे जिवाणू तेवढे उरतात आणि वाढतात. सरकारने २०२१ च्या डिसेंबरात आदेश काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीत त्यांचा वापर बंद केला. मला विचाराल तर उशीरच झाला. शिवाय एकदा जिवाणू पानाच्या फटींत शिरला की वरून मारलेलं त्याला फारसं पोचतच नाही. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, काम करतं ते दारावरच्या राखणदारासारखं. चोर आत शिरल्यावर राखणदार ठेवून काय उपयोग? आणि बोर्डो घरी करत असाल तर विळा बुडवून बघायची जुनी रीत सोडू नका. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पानं भाजतील.

भातावरच्या करप्याने, जिवाणूच्या करप्याने, आम्हाला बरंच शिकवलं. त्याची चाचणी फार साधी आहे. कात्री जिवाणूच्या पाण्यात बुडवायची, भाताच्या पानाचं शेंडं कापायचं, चौदा दिवसांनी पट्टीने मोजायचं की करपा किती सेंटिमीटर खाली उतरला. एवढ्या भांडवलावर हजारो वाण तपासले गेले. आफ्रिकेतल्या एका जंगली भातात रोखणारं जनुक सापडलं, ते १९९५ मध्ये वेगळं काढलं गेलं. हैदराबादच्या दोन संस्थांनी ते आणि आणखी दोन जनुकं सांबा मसुरी या भाताच्या वाणात संकरातून आणली, २००८ मध्ये वाण शेतकऱ्यांकडे गेला.

आणि जिवाणूची कारागिरी पाहा. तो सुईसारख्या नळीतून स्वतःचं एक प्रथिन भाताच्या पेशीत सोडतो. ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात जातं, भाताची जनुकं वाचतं, आणि साखर पेशीबाहेर सोडणारं जनुक चालू करतं. दुसऱ्याच्या घरात शिरून नेमकं कोठारघराचं बटण दाबायचं! ते प्रथिन जनुकाची अक्षरं कशी वाचतं हे २००९ मध्ये उलगडलं, आणि तीच युक्ती उचलून माणसाने जनुकं कापायची हत्यारं बनवली. डाळिंबात मात्र अजून भातासारखं तयार उत्तर हाताशी नाही. भगव्याची फुलं येऊन फळं बाजारात जाईपर्यंत पाच-सहा महिने, आणि झाड वाढायला वर्षं लागतात. संकराचं काम भातापेक्षा कितीतरी हळू चालतं.

तोवर आपल्या हातात काय, तर पाणी टाळणं. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा बहार, धरला की कोवळी पालवी आणि फळं नेमकी पावसात सापडतात. हस्त, म्हणजे पावसाळा सरतानाचा बहार, धरला तर बरीचशी वाढ कोरड्या, थंड दिवसांत होते. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना जंतुनाशकात बुडवा. मला माहीत आहे, मजूर कंटाळतात. पडलेली पानं आणि फळं बांधावर टाकू नका, गोळा करून जाळा. बांध तुमचा असला तरी वारा तुमचा नाही.

(प्रश्नोत्तरांत एका शेतकऱ्याने विचारलं: “मॅडम, बाकी समदं कळलं. पण औंदा मृग धरू का हस्त, तेवढं सांगा.”)

तुमच्या शेजाऱ्याने काय धरलंय?

(“त्यानं मृगच धरलाय.”)

आणि त्याची बाग तुमच्या कोणत्या अंगाला?

(“मावळतीला.”)

पावसाळी वारा तिकडूनच येतो. मग उद्या सकाळी त्यालाही घेऊन या. एकट्या तुम्हाला सांगून भागायचं नाही.