सहा खुर्च्या, आठ माणसं

(संध्याकाळ. शिंजुकू स्टेशन. माणसांचा लोंढा, पावलांचा आवाज.)

टोकियो. शिंजुकू स्टेशन. संध्याकाळचे साडेसहा.

दिवसाला ३० लाखांच्या आसपास माणसं या स्टेशनातून ये-जा करतात. बाहेर पडायला २०० हून जास्त वाटा आहेत. त्यामुळे "स्टेशनबाहेर भेटू" असं इथे कुणी म्हणालं, तर ती भेट होत नाही. आमच्या गाइडबाईंना हे अनुभवानं ठाऊक आहे. त्यांनी दुपारीच एका खांबाचा फोटो पाठवला होता, खाली एकच ओळ : इथे उभे राहा, हलू नका.

खांबापाशी आम्ही सात जण. एकमेकांना अनोळखी. एक नवं लग्न झालेलं जोडपं, एक निवृत्त शिक्षक, दोन मैत्रिणी, आमचा कॅमेरावाला आणि मी. गाइडबाई धरून आठ. हा आठचा आकडा लक्षात असू द्या.

बेत साधा. चार तास, तीन बार. माणशी दहा हजार येनच्या वरच पैसे भरलेत, त्यात काही पेयं आणि थोडं खाणं आलं. हिशेबी माणूस इथे विचारील, की बार शोधायला पैसे कशाला? पाट्या आहेत, फोनवर नकाशा आहे. मीही हेच विचारत आलो होतो.

गाइडबाईंनी सुरुवात एका शब्दानं केली. हाशिगो-झाके. हाशिगो म्हणजे शिडी आणि झाके म्हणजे साके, दारू. एका बारमधून उठून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, पायरी पायरीनं जायचं. हा पर्यटकांसाठी काढलेला खेळ नव्हे. ऑफिस सुटल्यावर सहकाऱ्यांबरोबर अशी शिडी चढणं ही इथली जुनी सवय आहे. शिडी चढतोय की उतरतोय, हे कितव्या पायरीवर कळतं, असं शिक्षकांनी विचारलं. बाई नुसत्या हसल्या.

नवीन आहे ती गाइडबरोबर चढायची शिडी. परदेशी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत शहर दाखवून पैसे घ्यायचे, तर १९४९ पासून जपानमध्ये सरकारी परीक्षा पास होऊन परवाना काढावा लागे. परीक्षा अवघड, इतिहास-भूगोलासकट. जानेवारी २०१८ मध्ये कायदा बदलला आणि परवान्याची सक्ती गेली. देवळं-राजवाडे सोडून बोळातला बार दाखवणाऱ्यांना रान मोकळं झालं. पाहुण्यांची तर रीघच लागली होती. २०२४ या एका वर्षात जपानमध्ये साडेतीन कोटींहून जास्त परदेशी पाहुणे येऊन गेले.

निघण्याआधी दोन सूचना. वय २० पूर्ण हवं. जपाननं २०२२ मध्ये सज्ञान व्हायचं वय १८ वर आणलं, दारूचं मात्र २० वरच ठेवलं. आणि टिप द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर दुकानदार "विसरलात" म्हणत मागे धावत येईल.

(धूर. लाल कंदील. निखाऱ्यांवर चरचरणाऱ्या सळया.)

पहिली पायरी, ओमोइदे योकोचो. रेल्वे रुळांना चिकटलेला एक बोळ. ओमोइदे म्हणजे आठवण. आठवणींची गल्ली. हे झालं पाहुण्यांना सांगायचं नाव. जुनी माणसं याला शोनबेन योकोचो म्हणत, मुताची गल्ली. दुकानांना संडास नव्हते, गिऱ्हाईक आडोसा शोधी, तिथून पडलेलं हे नाव.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हा भाग जळून सपाट झाला होता. राखेवर काळा बाजार भरला. धान्यावर, पिठावर नियंत्रण होतं, पण जनावरांचं काळीज, आतडी, वजडी यांवर नव्हतं. जे मिळेल ते सळईला लावून भाजायला सुरुवात झाली. आज आपण जी ऐटीत मागवतो, ती सळई त्या टंचाईतून आली. १९९९ मध्ये आग लागून गल्लीचा बराच भाग जळाला. पुन्हा उभा केला तो तसाच, अरुंद.

बसायला फळीसारखा कट्टा आणि त्यापुढे उंच स्टुलं. आम्ही आठ जण बसलो आणि दुकान भरलं. मागून कुणाला जायचं असेल, तर सगळ्यांनी पोट आत घ्यायचं.

बसता क्षणी प्रत्येकापुढे एक छोटी वाटी आली. कुणी मागवली नव्हती. याला ओतोशी म्हणतात. आपल्या भाषेत चकणा. फरक एवढाच, की हा न मागता येतो आणि बिलात लागतो, साधारण तीन-चारशे येन. या वाटीवरून इथे किती पाहुण्यांनी भांडणं केली असतील, देव जाणे. ती वाटी खरं तर खुर्चीचं भाडं आहे. भाडं म्हणून मागायला संकोच वाटतो, म्हणून ते सजवून पुढे ठेवतात. ही मला सोय वाटली, लबाडी नाही. पण हे सांगणारं कुणी शेजारी बसलेलं होतं, म्हणून.

पहिली फेरी बीअरची. "तोरिआएझू बीरू", म्हणजे तूर्तास बीअर, मग पाहू. दुसऱ्या फेरीला गाइडबाईंनी हॉप्पी मागवली. हॉप्पी बाजारात आली १९४८ मध्ये, बीअर परवडत नसे तेव्हा. चवीला बीअरसारखी, नशा जवळजवळ शून्य. ती शोचूत मिसळायची. शोचू ही इथली गाळलेली दारू. पेला संपला की दुकानदाराला सांगायचं "नाका", म्हणजे आतलं. तो नुसती शोचू ओततो. बाटली संपली की "सोतो", बाहेरचं. मैत्रिणींपैकी एकीनं तीनदा नाका सांगितलं आणि सोतो एकदाही नाही. दुकानदारानं न विचारता तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

गाइडबाईंच्या पेल्यात तपकिरी काहीतरी होतं. तिथे सगळेच ऊलाँग चहात शोचू घालून पितात, मला वाटलं तेच असेल. नंतर कळलं, नुसता चहा.

"दोन घोट घेतले की मी टोमॅटो होते," त्या म्हणाल्या.

दारू शरीरात गेली की तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग त्याचा निचरा होतो. हा निचरा करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जपानमधल्या जवळजवळ चाळीस टक्के लोकांमध्ये दुबळं असतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते. ज्या शहरात एवढे बार, तिथल्या इतक्या माणसांना दारू सोसतच नाही. बाई आठवड्यातून पाच रात्री ही शिडी चढतात, चहा पीत.

(रुळांखालचा भुयारी रस्ता. पलीकडे एकदम निऑनचा उजेड.)

रुळांखालून पलीकडे गेलं की काबुकिचो. युद्धानंतर इथे काबुकीचं, म्हणजे इथल्या पारंपरिक नाटकाचं, नाट्यगृह बांधायचं ठरलं होतं. १९४८ मध्ये वस्तीला नावही देऊन टाकलं. नाट्यगृह झालंच नाही, नाव तेवढं राहिलं. नाटकं मात्र रोज होतात. फुटपाथवर गोड बोलणारे तरुण उभे असतात : या ना, स्वस्त आहे, पाहिजे तेवढी प्या. डोक्यावरच्या भोंग्यातून त्याच वेळी सूचना चालू असते, की अशा माणसांच्या मागे जाऊ नका, फसाल. पोरांना भोंग्याचं काही वाटत नाही आणि भोंग्याला पोरांचं. इथे शब्द आहे बोत्ताकुरी. आत नेऊन, दोन पेले पाजून, हातात पाच आकडी बिल ठेवणं.

इतका वेळ पुढे चालणाऱ्या बाई इथे सगळ्यांच्या मागे गेल्या. मेंढ्या हाकणारा जातो तशा.

(पडदा काळा. फक्त आवाज : पावलं, दूरचं हसणं, बर्फाचा खडखडाट.)

इथून पुढे थोडा वेळ चित्र दिसणार नाही. तुमचा स्क्रीन ठीक आहे. आपण गोल्डन गाई नावाच्या बारच्या वस्तीत आलोय आणि इथल्या गल्ल्यांत परवानगीशिवाय चित्रीकरण करायचं नाही, अशा पाट्या आहेत. कॅमेरावाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला, आणि त्या रात्री पहिल्यांदा त्याला दोन्ही हात मोकळे मिळाले.

मग ऐका. सहा बोळ. दोन माणसं समोरासमोर आली, तर एकानं अंग चोरायचं. दुमजली, लाकडी, एकमेकांना टेकून उभी असलेली घरं. त्यांत दोनशेहून जास्त बार. एकेकाची जागा दहा-पंधरा चौरस मीटर. वरच्या मजल्यावरच्या बारला जिना नाही म्हणायचं, शिडीच. हाशिगो.

स्टेशनासमोरचा काळा बाजार १९४९ मध्ये हटवायचा हुकूम निघाला, तेव्हा इथे हलवलेल्या लोकांमधून ही वस्ती झाली. खाली पिण्याची जागा, वर विनापरवाना देहविक्रय. १९५८ मध्ये वेश्याव्यवसायबंदीचा कायदा पूर्णपणे लागू झाला, वरचे धंदे उठले आणि बार राहिले. लेखक, पत्रकार, सिनेमा-नाटकवाले इथे बसू लागले. ऐंशीच्या दशकात जमिनीचे भाव असे चढले, की बारवाल्यांना हुसकायला घरांना आगी लावल्या गेल्या. गिऱ्हाइकांनी आणि बारवाल्यांनी मिळून रात्रीचे पहारे दिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मोठी आग लागली. बोळ अजून आहेत.

बाई एका दारापाशी थांबल्या. पाटीवर जपानीत काहीतरी. वाचून दाखवलं : नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी. पुढचं दार, त्यावर इंग्रजी पाटी, सगळ्यांचं स्वागत, बसायचे पैसे नाहीत. त्या दोन्ही सोडून तिसऱ्याकडे गेल्या. दार किलकिलं केलं, आत मान घातली, दोन वाक्यं बोलल्या, हसल्या. मग मागे वळून बोटं दाखवली. चार.

आत सहा खुर्च्या. दोन भरलेल्या.

माझ्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर या दारात मिळालं. नकाशा मला इथवर आणू शकला असता. त्या दोन वाक्यांसाठी मात्र वशिला लागतो, आणि आपण पैसे भरलेले असतात ते वशिल्याचे. "ही माझी माणसं आहेत, चांगली वागतील," अशी हमी त्या रोज रात्री स्वतःच्या नावावर देतात. आमच्यातल्या कुणी धिंगाणा घातला असता, तर उद्या ते दार आमच्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी बंद झालं असतं.

चौघं शेजारच्या बारमध्ये गेले. आम्ही चौघं आत. कट्ट्यामागे साठीच्या बाई. मालकिणीला इथे मामा म्हणतात. आपल्याकडे हाक मारली तर घोटाळा होईल. भिंतभर व्हिस्कीच्या बाटल्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. गिऱ्हाइकानं खंबा विकत घ्यायचा, नाव लिहून इथेच ठेवायचा, येईल तेव्हा त्यातली प्यायची. कुणी बरेच दिवस आलं नाही, तर बाटली त्याची वाट पाहत उभी.

आधीच बसलेल्या दोघांपैकी एक गृहस्थ सत्तरीचे असावेत. आम्हाला पाहून त्यांनी आपला पेला स्वतःकडे ओढून घेतला, जागा व्हावी म्हणून. मामांनी आमच्यापुढे पेले मांडले. शिक्षकांनी काहीतरी विचारलं, बाईंनी भाषांतर केलं, सगळे हसले. छान चाललं होतं. दहा मिनिटांनी ते गृहस्थ उठले, मामांशी हळू बोलले, आम्हाला वाकून नमस्कार केला आणि गेले. त्यांची बाटली परत फळीवर चढली. निम्मी होती.

त्यांची वेळ झाली होती, की आम्ही त्यांना उठवलं? मी गाइडबाईंना विचारलं. त्यांनी मामांना विचारलं नाही.

मामांचा हिशेब उघड आहे. आम्ही चौघं चाळीस मिनिटं बसणार, प्रत्येकी बसायचे पैसे, दोन-दोन पेले. ते गृहस्थ एका बाटलीवर किती संध्याकाळी काढतात कोण जाणे. आमच्यासारखे येतात म्हणून भाडं निघतं. पण आपण बघायला येतो ते त्यांना. आठ माणसांनी सहा खुर्च्यांचा बार बघायला जायचं, यातच काहीतरी चुकतं, आणि ते चुकतंय हे आत बसल्याशिवाय कळत नाही.

(चित्र परत. मोठा रस्ता, टॅक्सींची रांग.)

तिसऱ्या बारविषयी सांगण्यासारखं फार नाही. मोठा होता, सगळे मावलो, गाणी झाली. माणसाचं यकृत तासाला ढोबळमानानं एकच पेला निस्तरू शकतं आणि आम्ही त्याच्या बरेच पुढे होतो. जोडप्यातला नवरा सगळ्यांना भाऊ मानू लागला होता.

बारा वाजत आले. शेवटची गाडी गेली की पहाटे पाचच्या सुमाराला पहिली. गाडी चालवायचा तर प्रश्नच नाही. २००७ पासून इथे पिऊन चालवणाराच नव्हे, त्याला पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसणाराही कायद्यानं अडकतो. शेवट करायलाही शब्द आहे, शिमे. म्हणजे आवरतं घेणं. बहुतेकदा ते गरम रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, वाडग्यानं घेतात. आम्हीही घेतलं. कुणी बोललं नाही, फक्त सुरके.

स्टेशनापाशी सगळे पांगले. त्याच खांबापाशी. गाइडबाईंनी एकेकाला त्याचा प्लॅटफॉर्म सांगितला, लहान मुलांना सांगतात तसा दोनदा. मग त्या स्वतः स्टेशनाकडे पाठ करून उलट्या दिशेनं निघाल्या.

"तुमची गाडी?" मी विचारलं.

"आता माझी संध्याकाळ," त्या म्हणाल्या. "गोल्डन गाईतच आहे एक. पाच खुर्च्या."

"आम्हाला दाखवला नाहीत तो."

"तिथे मी कुणाला नेत नाही."

कॅमेरावाल्याचा हात सवयीनं पिशवीकडे गेला होता. त्यानं तो परत काढून घेतला.

(रस्त्याचा सिग्नल हिरवा होतो. गर्दीत त्यांची छत्री काही पावलं दिसते, मग दिसत नाही.)